आयुर्मान आणि आयुर्मर्यादा : एक ऐतिहासिक भेद

शास्त्राच्या बळावर मनुष्याचे आयुष्य दीडशे-दोनशे वर्षांपर्यंत वाढविता येईल काय, या प्रश्नाच्या चर्चेत दोन भिन्न गोष्टींची गल्लत वारंवार होते. समाजाचे सरासरी आयुर्मान ही एक गोष्ट. मनुष्यजातीची कमाल आयुर्मर्यादा ही दुसरी. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासावरून हा भेद स्पष्ट होतो.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 1858 सालचा. 1962 साली, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांच्या हयातीतच, 1911 ते 1921 या दशकात, भारतीयांचे अपेक्षित आयुर्मान जेमतेम 20 वर्षे होते. याचा अर्थ त्या काळी माणसे विशीतच जरठ होत असा नव्हे. बालमृत्यू, प्लेग, हिवताप आणि 1918 ची इन्फ्ल्युएन्झाची साथ यांमुळे वार्धक्यापर्यंत पोहोचणारेच थोडे होते, इतकाच त्याचा अर्थ.

पुढील पालट याच दिशेने घडला. 1896 साली मुंबईत प्लेग उद्भवला. 1897 च्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1975 नंतर देवीचा रोग देशातून नाहीसा झाला. 1941–51 च्या दशकात सुमारे 32 वर्षे असलेले आयुर्मान 2016–20 या काळात सुमारे 70 वर्षांवर आले. हा लाभ अकाली मृत्यू टळल्याचा आहे. जरा मंदावल्याचा नव्हे.

जरेच्या निवारणाची आकांक्षा मात्र जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनाने होतो. आधुनिक काळात गॉम्पर्ट्झने 1825 साली वयाबरोबर मृत्यूचा संभव गुणाकाराने वाढतो, हा नियम मांडला. प्रौढपणी तो साधारणतः दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. 1935 साली मॅके यांनी मिताहाराने उंदरांचे आयुष्य वाढविले. 1961 साली हेफ्लिक यांनी मानवी पेशींच्या विभाजनास मर्यादा असल्याचे दाखविले. 2006 साली यामानाका यांनी प्रौढ पेशींना मूळावस्थेत नेण्याची रीत शोधली. तथापि या शोधांनी मनुष्याची कमाल मर्यादा अद्याप हललेली नाही. 1997 साली निधन पावलेल्या फ्रान्सच्या झान कालमाँ यांचा 122 वर्षांचा उच्चांक आजही अबाधित आहे.

सरासरीचा आलेख पुढे ओढून अमरत्वाचे भाकीत करणे म्हणूनच तर्कदुष्ट होय. बालमृत्यू जसजसे घटतात तसतशी त्या मार्गाने होणारी वाढ आटत जाते. पुढील वाढीस जरेच्याच शास्त्राची गरज पडेल.

परंतु पहिला मार्ग अजून संपलेला नाही. 1956 साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थान मुंबईच्या देवनार उपनगरात आहे. ज्या एम-पूर्व विभागात ते वसले आहे, तोच विभाग 2009 च्या मुंबई मानवविकास अहवालात शहरातील सर्व विभागांत तळाशी होता. दीर्घायुष्याच्या कोणत्याही योजनेचे मूल्यमापन करताना तिचा लाभ कोणास, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावयास हवा. कारण सरासरीचा आकडा त्याचे उत्तर देत नाही.