फुटबॉलला मराठी आवाज का मिळाला नाही?

18 डिसेंबर 2022. गोवंडीत आमच्या गल्लीत चादर बांधून पडदा केला होता, प्रोजेक्टर भाड्याने आणलेला. अर्जेंटिना–फ्रान्स फायनल. एक्स्ट्रा टाइममध्ये मेस्सीने 108 व्या मिनिटाला गोल मारला आणि गल्ली उसळली. पण पुढच्याच क्षणाला सगळे गप्प. रेफ्रीने खेळ सुरूच होऊ दिला नाही. समालोचक हिंदीत नुसता ओरडत होता. माझ्या बाजूला बसलेला आठवीतला पोरगा विचारतो, "दादा, गोल झाला ना? मग थांबले कशाला?"

प्रश्न बरोबर होता. लाउटारो मार्टिनेझ ऑफसाइड होता का, हे तपासत होते. शिवाय बॉल फ्रान्सच्या बचावपटूने परत मारला तो रेषेच्या आतून का बाहेरून, हेही डोळ्यांना नीट दिसलेलं नव्हतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. शेवटी सांगितलं कोणी? आमच्याकडे रविवारच्या टूर्नामेंटला माइक धरणाऱ्या पोराने. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, हाताने रेषा दाखवत. पोरांना ऑफसाइड त्या रात्री कळला.

तेव्हापासून हे डोक्यात आहे, आज लिहितो.

समालोचन म्हणजे काय, याचं उत्तर रेडिओपासून सुरू होतं. 22 जानेवारी 1927 ला बीबीसीने आर्सेनल–शेफील्ड युनायटेड ही मॅच रेडिओवर दिली. टेडी वेकलम बोलत होते. लोकांना मैदान दिसणार नाही म्हणून 'रेडिओ टाइम्स'मध्ये मैदानाचे चौकोन पाडून नकाशा छापला होता, आणि दुसरा माणूस मधूनमधून चौकोनाचा नंबर सांगायचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून अट एकच: ऐकणाऱ्याला बॉल कुठे आहे ते कळलं पाहिजे.

टीव्हीने ती अट उलटी केली. बॉल तर दिसतोच आहे. आता जे दिसत नाही ते सांगायचं: हा मिडफिल्डर मागे का सरकला, कोच डाव्या बाजूला का हात दाखवतोय, तो पोरगा कुठून आला. आपल्याकडे अजून निम्मे लोक टीव्हीवर रेडिओच बोलतात. "बॉल उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि ओहोहो!" अरे, ते आम्हाला दिसतंय की.

अपवाद होते. नोव्ही कपाडिया. दिल्लीच्या खालसा कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि दूरदर्शनपासून पुढे कित्येक वर्षं फुटबॉलवर बोलायचे. एखाद्या खेळाडूचं नाव आलं की तो कुठल्या क्लबातून आला, त्याच्या आधी त्या जागेवर कोण खेळायचं, सगळं तोंडपाठ. 2017 ला त्यांचं 'बेअरफूट टू बूट्स' आलं, 18 नोव्हेंबर 2021 ला ते गेले. त्यांची जागा इंग्रजीतही भरली गेलेली नाही, मराठीचं तर सोडाच.

आता मराठीकडे या. समालोचन मराठीला जमत नाही असं कोणी म्हणालं तर हसू येतं. बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर आकाशवाणीवर क्रिकेट सांगायचे. पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिरक्षक, षटक हे शब्द आमच्या आज्यांनाही ठाऊक होते, त्या कधी मैदानावर गेल्या नसतील तरी. करमरकरांनी तर मराठी पेपरात खेळाला स्वतःचं पान मिळवून दिलं. कबड्डीच्या मंडपात आजही लाउडस्पीकरवरचा माणूस चढाईला काय रंग भरतो बघा!

फुटबॉलला मात्र हे भाग्य लाभलं नाही, आणि तेही मुंबईत. रोव्हर्स कप इथे 1891 ला सुरू झाला. 1950 ते 54 सलग पाच वर्षं तो हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला, 1955 ला मोहन बागानने. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये 1 डिसेंबर 1956 ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझा टाटांकडून मुंबईत खेळायचा. भारत ती मॅच 4–2 जिंकला, त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला. मुंबईत टीव्ही आला 2 ऑक्टोबर 1972 ला. म्हणजे कूपरेजचा जो सोन्यासारखा काळ, तो पडद्यावर आलाच नाही. तो टिकला असता तर शब्दांतच.

कोलकात्यात तो शब्दांत टिकला. अजय बसू, कमल भट्टाचार्य, पुष्पेन सरकार यांच्या बंगाली रेडिओ समालोचनावर पिढ्या वाढल्या. केरळात शैजू दामोदरन, मुळात क्रीडापत्रकार. 2018 च्या वर्ल्डकपला स्पेनविरुद्ध रोनाल्डोने हॅटट्रिक मारली, मॅच 3–3, आणि त्यांची मल्याळम किंकाळी देशभर फिरली. तेही ओरडलेच की! पण त्या ओरडण्याआधी ते तासभर बोललेले असतात, मॅच समजावून दिलेली असते. ओरडायचा हक्क त्याने मिळतो, असं माझं मत.

2022 चा तो वर्ल्डकप मोबाईलवर पाच भाषांत होता: इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम, बंगाली. मराठी नाही. पुढच्याच वर्षी आयपीएल बारा भाषांत आली, त्यात मराठी होती. केदार जाधव मराठीत समालोचन करत होता, आणि सीझनच्या मधेच बंगळुरूने त्याला खेळायला बोलावून घेतलं. म्हणजे माणसंही आहेत, तंत्रही आहे. 'फुटबॉल बघणारा मराठी माणूस नाही' हे उत्तर मिळतं. अहो, कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहारच्या मॅचला शाहू स्टेडियमवर गर्दी बघा, मग बोला.

आणि आमच्याकडे? बैंगनवाडी, शिवाजीनगर, देवनारची पोरं मुंबई सिटीची जर्सी घालून फिरतात. 13 मार्च 2021 ला बिपिन सिंगने 90 व्या मिनिटाला गोल मारून मुंबईला पहिल्यांदा आयएसएल जिंकून दिली. 4 मे 2024 ला कोलकात्यात जाऊन मोहन बागानला 3–1 हरवलं. पण छांगतेचं पूर्ण नाव लालियानझुआला, गाव मिझोराममधलं लुंगलेई, हे आमच्या पोरांना कोणी सांगितलंय? बरेच समालोचक तर ते नाव उच्चारायचंच टाळतात.

तो माइकवाला पोरगा सध्या रात्री डिलिव्हरी करतो. परवा भेटला तेव्हा त्याला म्हटलं, रविवारच्या फायनलला पूर्ण मराठीत बोल. म्हणाला, "बोलेन, पण थ्रू पासला काय म्हणू?" मला पटकन सुचलं नाही. तुम्हाला सुचत असेल तर खाली लिहा, शनिवारच्या आत.