गौहरजानचा कर्णा ते आपली पेटी

आपल्या तेल्हारा तालुक्यातल्या काही गटांनी भुलाबाईची आणि जात्यावरची गाणी मुद्रित करून ठेवायचं मनावर घेतलंय. गाडी अडलीय ती 'ऑडिओ इंटरफेस'वर. माइकमधला आवाज आकड्यांत बदलून संगणकात घालणारी ही पेटी. साधी पंधरा-वीस हजारांत येते, भारी लाखाच्या घरात जाते. गटाचा पैसा आहे, म्हणून आधी थोडं मागं वळून पाहू.

१९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग नावाच्या साहेबानं गौहरजान या गायिकेचा आवाज तबकडीवर घेतला. तेव्हा माइक नव्हता. पत्र्याच्या कर्ण्याजवळ तोंड नेऊन मोठ्यानं गायचं, आणि तेही जेमतेम तीन मिनिटं. हलका आवाज उमटायचाच नाही. गाणं संपलं की गौहरजान आपलं नाव इंग्रजीत सांगायची. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला निघत. तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा ते कळावं म्हणून. १९२५च्या सुमारास विजेचा माइक आला, तेव्हा कुठे हळू गाणारा गळाही तबकडीवर पोचला.

पण जात्यावरची बाई स्टुडिओत कोण नेणार? शेजारच्या खान्देशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. शब्द वाचले. चाल मात्र कागदावर उतरत नाही, बाप्पा.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोएत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यांच्यात आले आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं. 'परी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ओव्या बाईच्या नावागावासकट ऐकायला मिळतात. मला यातलं नावगाव फार मोलाचं वाटतं.

आता पेटीकडे. म्हाताऱ्या आजीचा आवाज बारीक. तो वाढवताना स्वस्त पेटी स्वतःची सूंऽऽ अशी घरघरही मिसळते. भारी पेटीचा खरा पैसा या स्वच्छ वाढीत आहे. खंजिरीचं उलटं: थाप जोरात पडली की आवाज फाटतो, म्हणून मुद्रणापूर्वी जोरात वाजवून बघायचं आणि पेटीची वाढ कमी ठेवायची. काही माइकना पेटीकडून ४८ व्होल्ट लागतात. ती सोय आहे ना, ते दुकानातच विचारा. दोन माइक लागतील एवढी जागा हवी, कारण भुलाबाईत एकटी कोणी गात नाही.

कार्यक्रमात वापरायची तर आणखी एक गोष्ट. आवाज संगणकात जाऊन परत कानात यायला क्षणभर उशीर लागतो, त्याला लेटन्सी म्हणतात. तो वाढला की गाणारीचा ताल चुकतो. माइकचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देणारी पेटी घ्यावी. आणि लॅपटॉपच्याच विजेवर चालणारी हवी. आपल्याकडची लाइन कधी जाईल, सांगता येते का?

माझं मत विचाराल तर लाखाची पेटी आत्ता नको. साधी पण दोन माइकची घ्यावी, उरलेल्यात बरे माइक, स्टँड आणि फाइलींच्या दोन प्रती ठेवायला दोन हार्ड डिस्क. पंखा बंद, खिडक्यांना गोधड्या, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो. पुढे भजनी मंडळाचे कार्यक्रम मिळू लागले तर भारी पेटीचा विचार करू.

भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते, कोजागिरीला उठते. म्हणजे हातात महिनाच. त्याआधी प्रत्येक गटानं आपापल्या गावातल्या गाणाऱ्या आजींची यादी करावी: नाव, गाव, माहेर, कोणती गाणी येतात. ऐंशी ओलांडलेल्यांची नावं वर लिहा. त्यांच्याकडे पेटीची वाट न बघता मोबाइल घेऊनच जायचं आहे.