परवान्याची सत्ता

सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते, म्हणूनच महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांचे प्रकरण घडले. ठरावीक कोट्याबाहेरचे सिमेंट मंत्र्याच्या मर्जीने मिळे आणि बिल्डरांच्या देणग्या मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानांत जमा होत. 1981मध्ये पत्रकार अरुण शौरींनी ते उघड केले. जानेवारी 1982मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा ठपका येताच अंतुले पायउतार झाले. 1988मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतुलेंवरचा खटला उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आपलाच आधीचा आदेश रद्द केला. पुढे अंतुले केंद्रात मंत्रीही झाले. पैसा ट्रस्टकडे गेला, खिशात नव्हे, असा बचाव होता. तो मला पटत नाही. सरकारी सही देणगीशी जोडली गेली, तिथेच अपराध झाला. माणूस बदलून परवान्याची ही सत्ता बदलत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात बांबूची वाहतूकही अशाच परवान्यावर अडे. 27 एप्रिल 2011ला याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ग्रामसभाही भ्रष्ट होऊ शकते, हा आक्षेप खरा आहे. पण मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने, सगळ्या गावासमोर होतात. मंत्रालयातल्या सिमेंटच्या फायलींपर्यंत पोचायला मात्र पत्रकार आणि न्यायालय लागले.