ताल, शेततळे आणि पाण्याचा वाटा

महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) आपल्याकडे बहुधा धर्मसत्तेची आणि नोकरशाहीची चिकित्सा म्हणून शिकवला जातो. आम्हीही तो वर्षानुवर्षे तसाच शिकवत आलो. ग्रंथाच्या अखेरीस आलेले उपाय मात्र ‘इतर सूचना’ या सदरात ढकलून आपण पुढे जातो. आमच्या मते हे वाचन अपुरे आहे.

फुले तेथे काय सुचवतात? सरकारने लष्करातील आणि पोलिसांतील रिकामे हात कामाला लावून ताली व बंधारे घालावेत. पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे आणि मगच ओढ्यानाल्यांना मिळावे. जुने तलाव दुरुस्त व्हावेत. पाणाड्यांकडून झऱ्यांचा शोध घ्यावा आणि स्वखर्चाने विहीर खोदणाऱ्यास बक्षीस द्यावे. ज्याला आज आपण ‘पाणलोट विकास’ म्हणतो, त्याचा गाभा या परिच्छेदांत आहे. राज्यकर्त्यांचा भर मात्र मोठ्या धरणांवर आणि कालव्यांवर राहिला.

या विचाराचे एक रूप नव्वद वर्षांनी पुरंदर तालुक्यात दिसले. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी दुष्काळी कामांवर राबणारी माणसे पाहिली. त्यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे १६ हेक्टर माळजमीन भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याखाली विहीर घेतली आणि तेच पाणी पंपाने पुन्हा वर नेले.

येथवर हे कौशल्य अभियंत्याचे होते. ‘पाणीपंचायती’चे वेगळेपण तिच्या नियमांत आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात वाटायचे: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला अधिकाधिक अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. ‘मालक’ या शब्दाची जागा येथे ‘वाटेकरी’ या शब्दाने घेतली, आणि हा बदल केवळ भाषिक नव्हता.

साळुंखे २००२ मध्ये निवर्तले. त्यानंतर साधने विपुल झाली. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. २०१८ पासून मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजना आणि २०१९ पासून केंद्राची ‘कुसुम’ योजना यांमुळे सौरपंप शिवारात पोहोचले. रात्री-अपरात्री विजेची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येणे ही लहान गोष्ट नव्हे. शहरातही शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला, तर पन्नास हजार लिटर पाणी पडते. ते मुरवले तर कूपनलिकेला आधार मिळतो.

पण शब्द तेच राहून अर्थ कसा पालटतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. पावसाचे पाणी धरणारे ते शेततळे. कित्येक ठिकाणी मात्र तळाला प्लास्टिक अंथरून, कूपनलिकेचे पाणी उपसून ते भरले जाते. जे पाणी भूगर्भात सर्वांचे होते, ते एकाच्या तळ्यात येऊन उन्हात वाफ होते. सौरपंपाला इंधनाचा खर्च नाही, आणि म्हणूनच उपसा थांबवणारी खर्चाची कात्रीही उरत नाही. ऊन फुकट आहे. विहिरीतले पाणी तसे नाही.

‘पाणी किती अडवले?’ याचे उत्तर यंत्र देऊ शकते. ‘ते कोणाचे?’ याचे उत्तर गावालाच द्यावे लागते. फुल्यांचा ग्रंथ पुन्हा वर्गात उघडताना ती शेवटची पाने वगळू नयेत, एवढेच आम्हाला सुचवायचे आहे.