त्रिप्रतिजैविक मलम

नियोमायसिन, पॉलिमिक्सिन बी व बॅसिट्रॅसिन ही तीन प्रतिजैविके एकत्र असलेले, त्वचेवर लावायचे औषध. नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या तालुक्याच्या गावीही ते ‘निओस्पोरिन’ या नावाने परिचित आहे. बॅसिट्रॅसिन १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट ट्रेसी या मुलीच्या जखमेतील जिवाणूंपासून मिळाले. नियोमायसिन सेल्मन वाक्समन व ह्युबर्ट लेशव्हालिए यांनी १९४९ साली शोधले. बॅसिट्रॅसिन जिवाणूंची पेशीभित्तिका घडू देत नाही, पॉलिमिक्सिन ग्रॅम-ऋण जिवाणूंचे पटल फोडते, तर नियोमायसिन त्यांची प्रथिननिर्मिती बिघडवते. त्यामुळे खरचटणे, लहान काप, किरकोळ भाजणे यांत संसर्ग रोखण्यास ते उपयोगी पडते.

भाजल्यावर प्रथम वीस मिनिटे वाहते पाणी; हळद, शाई, टूथपेस्ट अजिबात नको. जखम धुऊन मलमाचा पातळ थर द्यावा. विस्तृत भाजलेल्या भागावर मात्र ते लावू नये: नियोमायसिन रक्तात शोषले जाऊन मूत्रपिंडांस व श्रवणशक्तीस इजा करू शकते. काहींना त्याची ॲलर्जी होते. पू, पसरणारी लाली वा ताप असल्यास मलमावर विसंबू नये. मातीने माखलेल्या जखमेसाठी धनुर्वाताची लस विचारून घ्यावी. खोल भाजलेल्या रुग्णास विलंब न लावता नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.