हीला नदी आटली तेव्हा

१९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे एक पथक ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरले. पीटर बेनेट आणि थॉमस बर्च हे त्यातले डॉक्टर. त्यांना शोध होता संधिवाताचा. उष्ण आणि कोरड्या हवेत राहणाऱ्या लोकांत हा आजार कमी आढळतो का, हे पाहायचे होते. तुलनेसाठी कडाक्याच्या थंडीतल्या मोंटाना राज्यातील ब्लॅकफीट जमात निवडलेली होती.

संधिवाताचा प्रश्न बाजूलाच राहिला. रक्ततपासणीत इतक्या जणांची साखर वाढलेली निघाली की पथकाचा विषयच बदलला. १९७१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पस्तिशी गाठलेल्या जवळपास निम्म्या माणसांना मधुमेह. तोवर जगातील कोणत्याही समाजात एवढे प्रमाण नोंदले गेलेले नव्हते.

या लोकांना बाहेरचे जग 'पिमा' म्हणते. प्रश्न विचारला की 'ठाऊक नाही' अशा अर्थाचे काहीतरी ते उत्तर देत, त्यावरून स्पॅनिश लोकांनी हे नाव पाडले, असे सांगतात. त्यांचे स्वतःचे नाव अकिमेल ओओधाम, म्हणजे 'नदीची माणसे'. पुढची चाळीस वर्षे शास्त्रज्ञ या आजाराचे मूळ त्यांच्या रक्तात शोधत राहिले. त्याआधीच्या शंभर वर्षांत त्यांच्या नदीचे काय झाले, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. त्याच शंभर वर्षांचा हा धागा.

नदीचे नाव हीला. न्यू मेक्सिकोच्या डोंगरांत उगम पावून, ॲरिझोना ओलांडून ती सुमारे हजार किलोमीटरवर कोलोरॅडोला मिळते. तिच्या आणि शेजारच्या सॉल्ट नदीच्या काठी आजच्या ओओधामांच्या पूर्वजांनी मध्ययुगातच शेकडो किलोमीटर लांबीचे कालवे खणले होते. पुरातत्त्वज्ञ त्यांना होहोकाम म्हणतात. लाकडी आणि दगडी अवजारांनी, चाकाशिवाय, ओझ्याच्या जनावराशिवाय केलेले हे काम. फिनिक्स शहराचे नावही त्यावरूनच आले : जुन्या संस्कृतीच्या राखेतून पुन्हा उठलेले नगर.

काठावरच्या शेतांत मका, भोपळा, कापूस आणि टेपारी नावाचे बारीक दाण्याचे कडधान्य पिके. स्पॅनिश मिशनऱ्यांबरोबर गहू आला आणि तोही या मातीत रुजला. शेताबाहेरचे वाळवंटही रिकामे नव्हते. मेस्किटच्या गोड शेंगा दळून पीठ होई, सग्वारो निवडुंगाच्या फळांचा पाक होई, चोया निवडुंगाच्या कळ्या भाजून सुकवून ठेवल्या जात. नदीत मासे होते.

१८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू असताना अमेरिकी फौज येथून गेली. तिच्यासोबत विल्यम एमरी हा लष्करी स्थापत्य अधिकारी होता. कालवे, बांध आणि शेते यांची त्याने मोकळेपणाने प्रशंसा केली. तीन वर्षांनी कॅलिफोर्नियातील सोन्याची हाव धरून हजारो माणसे याच दक्षिण वाटेने निघाली. वाळवंटात अर्धमेली झालेली ही माणसे पिमा गावांत पोहोचत तेव्हा त्यांना पाणी आणि गव्हाचे पीठ मिळे. १८६० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या ठाण्यांनाही लाखो पौंड गहू येथूनच जाई. पुढे ज्यांना सरकारी शिध्यावर जगावे लागले, त्यांच्या धान्यावर एके काळी सरकारी पलटणी जगत होत्या.

१८५९ मध्ये संसदेने या लोकांसाठी राखीव प्रदेश ठरवून दिला. कागदावर जमीन मिळाली, पाण्याविषयी मात्र काहीच ठरले नाही, आणि वाळवंटात पाण्यावाचून जमीन म्हणजे नुसती रेती. यादवी युद्धानंतर गोरे वसाहतवाले नदीच्या वरच्या अंगाला, फ्लॉरेन्स आणि सॅफर्डच्या परिसरात आले आणि त्यांनी पाणी वळवायला सुरुवात केली. १८७७ च्या वाळवंटी जमीन कायद्याने अशा वसाहतींना आणखी जोर आला. १८८० च्या दशकाच्या अखेरीस फ्लॉरेन्सचा मोठा कालवा तयार झाला आणि उन्हाळ्यात खाली येणारी उरलीसुरली धारही त्यात गेली. तक्रारी झाल्या, चौकश्या झाल्या, अहवाल लिहिले गेले. नदी मात्र कोरडीच राहिली.

हा काळ ओओधामांनी स्वतःही नोंदवून ठेवला आहे. लिपी नव्हती, पण गावातील जाणता माणूस सोललेल्या काठीवर दरवर्षी खुणा कोरत असे आणि त्या खुणांवर बोट फिरवत त्या त्या वर्षाची हकीकत सांगत असे. १९०१-०२ मध्ये फ्रँक रसेल हा मानवशास्त्रज्ञ तेथे राहिला आणि अशा काठ्यांचे वाचन त्याने लिहून घेतले. ते सुरू होते १८३३ च्या नोव्हेंबरात, आकाशातून उल्कांचा पाऊस पडला त्या रात्रीपासून. पुढे अपाची टोळ्यांशी लढाया येतात, साथी येतात, पूर येतात. या काठ्या म्हणजे त्यांची बखरच. रसेल १९०३ मध्ये वारला. त्याचा ग्रंथ १९०८ मध्ये निघाला.

रसेलच्या ग्रंथातील आणखी एक निरीक्षण इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून वाचावे असे आहे. तो तेथे पोहोचला तेव्हा पाणी जाऊन तीस वर्षे होत आली होती. माणसे मेस्किटची झाडे तोडून सरपण विकत होती आणि त्या पैशांतून पीठमीठ घेत होती. अशा दारिद्र्यात त्याला लठ्ठ माणसे दिसली, विशेषतः वयस्क मंडळींमध्ये. लोकांच्या कल्पनेतल्या उंच, काटक 'इंडियना'शी तुलना करून त्याने ही गोष्ट मुद्दाम नोंदवली आणि त्यांच्या खाण्यातच काहीतरी अंगावर चढणारे असावे, असा तर्क केला. लठ्ठपणा हे सुबत्तेचे लक्षण, ही समजूत तेव्हा सर्वत्र होती. येथे उपासमार आणि लठ्ठपणा एकाच घरात नांदत होते.

शिध्यात काय असे? पांढरे पीठ, साखर, चरबी, खारवलेले किंवा डबाबंद मांस. पीठ चरबीत तळून केलेली 'फ्राय ब्रेड' आज अमेरिकी मूलनिवाशांचा पारंपरिक पदार्थ म्हणून जत्रांत विकली जाते. तिचा उगम मात्र या सरकारी पोत्यांत आहे. विसाव्या शतकात शिधा गेला आणि अतिरिक्त शेतमाल वाटण्याच्या योजना आल्या, पण पोत्यातला माल फारसा बदलला नाही.

मधुमेह अजून दूर होता. अलेश हर्डलिच्का या शास्त्रज्ञाने त्याच सुमारास या प्रदेशातील आजारांची पाहणी केली. तिच्यात मधुमेहाचा उल्लेख जवळजवळ नाही. १९४० मध्ये बोस्टनचे नामवंत मधुमेहतज्ज्ञ एलियट जॉस्लिन ॲरिझोनात आले. त्यांच्या मते मूलनिवाशांतील प्रमाण इतर अमेरिकनांहून वेगळे नव्हते. म्हणजे जे झाले ते एका पिढीच्या आत झाले.

मधल्या काळात पाण्याचे एक आश्वासन येऊन गेले. १९२४ च्या कायद्यानुसार हीलावर धरण बांधण्यात आले आणि १९३० मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या हस्ते, त्यांच्याच नावाने, त्याचे उद्घाटन झाले. पिमांच्या शेतांना पाणी देण्यासाठी म्हणून मंजूर झालेल्या या योजनेत गोऱ्या शेतकऱ्यांनाही वाटा होता आणि जलाशय क्वचितच भरला. दुसऱ्या महायुद्धात तर याच राखीव प्रदेशात, जमातीचा विरोध असताना, जपानी वंशाच्या १३ हजारांहून अधिक अमेरिकनांची छावणी बसवण्यात आली. त्या कैद्यांनी तेथे भाजीपाल्याची एवढी शेती केली की इतर छावण्यांनाही तो पाठवला जाई. जमीन नापीक नव्हती, हे त्यातून पुरते सिद्ध झाले. नदीकाठचे तरुण मात्र तोवर शेती सोडून मजुरीला, कारखान्यांत आणि सैन्यात गेले होते.

१९६५ पासून सॅकटोनच्या दवाखान्यात दर दोन वर्षांनी लोकांना बोलावून साखरेचे पाणी पाजून तपासण्याचा क्रम सुरू झाला आणि तो चार दशके चालला. त्यातून मिळालेले ज्ञान जगाचे झाले. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी रक्तातील साखर २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक भरली की मधुमेह, हा निकष ठरवताना पिमांच्या रक्ताचे आकडे हा एक मुख्य आधार होता. नाशिकच्या किंवा पणजीच्या प्रयोगशाळेतही हीच रेषा आजही वापरतात. गरोदरपणात आईला मधुमेह असेल तर मुलालाही तो लवकर जडण्याचा धोका वाढतो, हेही या अभ्यासातूनच ठळक झाले. एका पिढीचे दुःख दुसऱ्या पिढीच्या देहात कसे उतरते, याचा हा पुरावा होता.

आजाराचे कारण काय, यावर त्या काळी एक उत्तर तयार होते. जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये 'काटकसरी जनुका'ची कल्पना मांडली होती : दुष्काळांतून तगलेल्या पूर्वजांचे शरीर अन्न साठवण्यात पटाईत, आणि सुकाळात हाच गुण घातक. पिमा या कल्पनेचे पाठ्यपुस्तकी उदाहरण बनले. कल्पना चतुर होती आणि तिच्यात एक सोय दडलेली होती. दोष पूर्वजांच्या पेशींकडे गेला की कालवे कोणी वळवले हा प्रश्न उरत नाही. शिवाय शतकानुशतके कालव्यांवर शेती करणाऱ्या, इतरांना धान्य पुरवणाऱ्या समाजाला कायमचा दुष्काळग्रस्त ठरवणे इतिहासालाही धरून नव्हते.

या कल्पनेची कसोटी सीमेपलीकडे मिळाली. मेक्सिकोतील सोनोरा राज्याच्या डोंगरांत माइकोबा नावाचे गाव आहे. तेथेही पिमा राहतात. भाषा जवळची, वंश जवळचा. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञ तेथे पोहोचले तेव्हा ते मका, घेवडा आणि बटाटा पिकवत, आणि हातांनीच राबत. ॲरिझोनातील भाऊबंदांपेक्षा त्यांचे वजन सरासरीने सुमारे २६ किलो कमी भरले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार मधुमेह ॲरिझोनात ३८ टक्के प्रौढांना, माइकोबाच्या पिमांत ६.९ टक्के, आणि तेथील बिगर-पिमा शेजाऱ्यांत २.६ टक्के. या तिसऱ्या आकड्यात अनुवंशाचा वाटा दिसतो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण ७ आणि ३८ यांच्यामधली दरी अनुवंशाने भरत नाही.

त्याआधी, १९९१ मध्ये, आणखी एक छोटा प्रयोग झाला होता. पिमा आणि गोरे अशा दोन्ही गटांना काही दिवस जुना पिमा आहार आणि काही दिवस आधुनिक स्निग्ध आहार देण्यात आला. आधुनिक आहारावर साखर पचवण्याची क्षमता दोन्ही गटांत घसरली.

रक्त देऊन या समाजांना काय मिळाले, हा प्रश्न पिमांपुरता नाही. ॲरिझोनातच, ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई जमातीने १९९० च्या दशकात मधुमेहाचे कारण कळावे म्हणून विद्यापीठाला रक्त दिले. तेच नमुने स्किझोफ्रेनियाच्या आणि स्थलांतराच्या संशोधनासाठीही वापरल्याचे पुढे उघड झाले. पूर्वज आशियातून आले हा निष्कर्ष तर त्यांच्या उत्पत्तिकथेच्याच विरोधात जाणारा. खटला चालला, २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि रक्ताचे नमुने परत केले. आपल्या माणसांचे रक्त परत आणताना जमातीचे लोक रडले.

उपचारांच्या बाजूनेही काही घडले. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत पिमांसह अनेक समाजांतील ३,२३४ जणांनी भाग घेतला. २००२ च्या निष्कर्षानुसार माफक वजन घटवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे, एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले; मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी. १९९७ पासून मूलनिवाशांच्या मधुमेहासाठी स्वतंत्र निधी मिळू लागला, आणि १९९६ ते २०१३ या काळात मूलनिवासी प्रौढांत मधुमेहामुळे मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण ५४ टक्क्यांनी उतरले. जाता जाता एक योगायोग : मधुमेहावरचे एक्झेनाटाइड हे २००५ मध्ये मंजूर झालेले औषध एका विषारी सरड्याच्या लाळेतील द्रव्यावरून घडवले गेले. त्या सरड्याचे नाव 'हीला मॉन्स्टर', याच नदीवरून पडलेले.

पाण्याचा निवाडा २००४ मध्ये झाला. संसदेच्या कायद्याने हीला नदी समाजाचा वार्षिक हक्क ६,५३,५०० एकर-फूट ठरला. हे सुमारे साडेअठ्ठावीस टीएमसी होते, म्हणजे पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतील चारही धरणांच्या साठ्याच्या जवळपास. त्यातले बरेचसे हीलाचे नाहीच. ते दूरच्या कोलोरॅडो नदीतून कालव्याने येते. २०२३ मध्ये कोलोरॅडोही आटू लागली, तेव्हा केंद्र सरकारने याच समाजाशी करार केला : वर्षाला सव्वा लाख एकर-फुटांपर्यंत पाणी जलाशयातच राहू द्यावे आणि त्याचा मोबदला घ्यावा.

मधुमेह गेलेला नाही. डायलिसिसची केंद्रे राखीव प्रदेशात आजही आहेत. त्यांच्यापासून काही मैलांवर, नव्याने बांधलेल्या कालव्यांच्या कडेने, टेपारीची शेते पुन्हा उभी राहत आहेत. तपकिरी आणि पांढरा असे तिचे दोन वाण. ओओधाम भाषेत तिला 'बावी' म्हणतात. ती शिजायला वेळ लागतो, आणि पचायलाही.