तळटीप १२ : ‘दुपारचा सैतान’

१२. दुपारचा सैतान : हा निर्देश इव्हाग्रिअस पाँतिकस (सुमारे ३४५–३९९) या ख्रिस्ती तपस्व्याच्या शिकवणीकडे आहे. कॉन्स्टँटिनोपलमधले मानाचे जीवन सोडून तो इजिप्तच्या वाळवंटात, प्रथम नित्रिया व पुढे केल्लिया येथे, साधू म्हणून राहिला. माणसाला पापाकडे ओढणारे आठ विचार त्याने सांगितले : खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, पोकळ बडेजाव आणि गर्व. यांपैकी कंटाळ्याला तो ‘दुपारचा सैतान’ म्हणतो. हे नाव ९१व्या स्तोत्राच्या ग्रीक पाठातले. ऊन चढले की सूर्य जागचा हलतच नाही असे साधूला वाटते, तो खिडकीतून पुन्हा पुन्हा डोकावतो, खोलीचा आणि हातातल्या कामाचा त्याला वीट येतो. विचार मनात येणे आपल्या हाती नाही, त्याला थारा द्यायचा की नाही हे मात्र आहे, असे इव्हाग्रिअसचे मत. म्हणून प्रत्येक विचाराला प्रत्युत्तर देणाऱ्या बायबलवचनांचा संग्रह त्याने केला. त्यामागे आदर्श होता तो अरण्यात येशूने सैतानाला ‘अनुवाद’ या पुस्तकातील वचनांनी दिलेल्या तीन उत्तरांचा. जॉन कॅसियनने ही यादी लॅटिन ख्रिस्ती जगात नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिले ग्रेगरी यांनी तिची फेरमांडणी केली आणि तीतूनच पुढे ‘सात महापापे’ रूढ झाली. — संपा.